ओसरीवरून : अठरा टाके आणि चिंगी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि किल्ल्यावरून येणारा वारा कानांना बोचू लागला, की आमच्या लष्करातल्या मराठी घरांत माळ्यावरून दोन वस्तू खाली येतात. एक रजई आणि दुसरी विणकामाच्या सुयांची पिशवी. (लष्कर हे नाव वाचून परगावच्या वाचकांनी बिचकू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. आम्ही तिच्यातच राहतो.) जानेवारीत येथे पारा कधीकधी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, आणि धुके असे दाटते की शाळेच्या प्रार्थनेत शेवटच्या रांगा नुसत्या ऐकू येतात, दिसत नाहीत. अशा गावी लोकर ही हौस नव्हे, गरज आहे. पूर्वी दुपारच्या वेळी ओसरीवर चार बायका बसत आणि चौघींच्याही हातांत सुया असत. आता तयार स्वेटर लुधियानाहून येतात, तिबेटी विक्रेते दर हिवाळ्यात दुकाने मांडतात, आणि हाताने स्वेटर विणावयाचा म्हटले तर नुसत्या लोकरीलाच तयार स्वेटरपेक्षा अधिक पैसे पडतात. तरीही काही घरांत सुया चालतात. आमचे घर त्यांपैकी एक.

मराठी घर परप्रांतात किती मुरले आहे हे पाहावयाचे असेल, तर त्या घरातले विणकाम ऐकावे. दुकानात आमच्या सौ. 'ऊन' मागतात, 'सलाई' मागतात, आणि 'फंदे कितने डालूँ' असे शेजारणीला विचारतात. घराचा उंबरा ओलांडला की ऊन पुन्हा आकाशात जाते, सलाईची सुई होते आणि फंद्याचा टाका होतो. हिवाळ्यात त्या गच्चीवर उन्हात बसून ऊन विणीत असतात, हे वाक्य पुण्याच्या माणसाला चुकीचे वाटेल. आमच्या येथे पाचवीतल्या मुलालाही त्यात काही खटकत नाही. आणखी एक शब्द आहे, त्याची गंमत मात्र खास मराठीतलीच. वीण. कापडाची वीण, बाजेची वीण, स्वेटरची वीण. आणि मांजरांची, कुत्र्यांचीही वीणच. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात या दोन्ही विणी एका छपराखाली नांदत होत्या. एक सुयांवर होती. दुसऱ्या विणीतली एक कन्या सुयांखाली बसून लोकरीच्या गुंड्याकडे एकटक पाहत असे. तिचे नाव चिंगी.

सुयांवर होता तो स्वेटर नव्हता, जाळीचा स्कार्फ होता. मराठीत त्याला काय म्हणावे यावर आम्ही बराच विचार केला. गळपट्टा म्हटले की मफलर बांधलेला रात्रीचा रखवालदार डोळ्यांसमोर येतो, आणि ओढणी म्हणावी तर जिच्यासाठी तो होता त्या आमच्या आत्यांचे वय शहाऐंशी. तेव्हा स्कार्फच.

आत्या दोन गल्ल्या सोडून आपल्या मुलाकडे असतात. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत आत्याही होत्या, आणि त्या हिवाळ्यात घरातल्या कुणाच्याही अंगावर नवी लोकर चढली नाही असे आमचे वडील सांगत. लग्न होऊन आलेल्या आमच्या सौ.ना त्यांनीच या घरातले पहिले सुलट-उलट शिकवले. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली. चार वर्षे झाली, त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. बोटेही आता कापतात, त्यामुळे सुया सुटल्या. त्यांच्या खांद्यावर स्वतः विणलेला एक जुना जाळीचा स्कार्फ सदैव असे. गेल्या पावसाळ्यात त्याला कसर लागली, आणि मूळच्या जाळीत कसरीने आपली जाळी मिळवली. 'तसाच एक करून दे ग,' एवढेच त्या सौ.ना म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचे आम्हांला आठवत नाही.

रंग कोणता घ्यावा असे सौ.नी विचारले. 'गडद घे. मळला तर मला दिसायचं नाही, आणि तुम्ही कुणी सांगायचे नाहीत.' म्हणून वांगी रंगाची लोकर आली. गडद लोकरीत रात्रीच्या दिव्याखाली टाके दिसत नाहीत, हे विणणाऱ्या भगिनींना सांगावयास नको. परंतु आत्यांची इच्छा म्हटल्यावर प्रश्न मिटला.

या विणीला आत्या 'लाटा' म्हणतात. ती कोठेही लिहिलेली नव्हती. आत्यांनी जुना स्कार्फ मांडीवर घेतला, बोटे फिरवीत एकेक सुई सांगितली, आणि सौ.नी ती आमच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर उतरून घेतली. अठरा टाक्यांची ही नक्षी आहे. पहिली सुई सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या सुईला दोन-दोन टाके एकत्र विणावयाचे, असे तीनदा. मग लोकर पुढे घेऊन एक सुलट, असे सहा वेळा. पुन्हा दोन-दोन टाके एकत्र तीनदा. चौथी सुई सगळी सुलट. झाली एक लाट. रुंदीत अशा चार नक्ष्या आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाक्यांची सुलट पट्टी, म्हणजे सुईवर अठ्ठ्याहत्तर टाके. सुया नऊ नंबरच्या.

आम्ही भाषेचे विद्यार्थी, गणिताचे नव्हे. तरीही हा हिशेब पाहून आम्ही थक्क झालो. जोड्या काढल्याने सहा टाके कमी होतात आणि लोकर पुढे घेतल्याने सहा टाके नवे जन्मतात. अठराचे अठरा राहतात. परंतु जेथे कमी होतात तेथे कापड आक्रसते, जेथे वाढतात तेथे पसरते, आणि म्हणून सरळ विणलेली ओळ आपोआप लाटेसारखी वर-खाली होते. आमच्या गावात महंमद गौस यांची सोळाव्या शतकातली कबर आहे. तिच्या चारी बाजूंच्या दगडी जाळ्या पाहावयास लांबून माणसे येतात. शेजारीच तानसेन विसावला आहे. त्या जाळ्यांत भोक म्हणजे जेथून दगड काढून टाकला ती जागा. लोकरीच्या जाळीचे नेमके उलटे आहे. येथे भोक पाडण्यासाठी काही काढावे लागत नाही, सुईवर एक वेढा जादा घालावा लागतो. त्या वेढ्याच्या खाली मागच्या ओळीतला कुठलाच टाका नसतो, म्हणून तेथे मोकळी जागा राहते. जाळीतले प्रत्येक भोक हा वाढवलेला टाका असतो, हे आम्हांला वयाच्या छपन्नाव्या वर्षी, हजेरीपटाच्या पानावरून कळले.

ही वीण मूळची आमची नव्हे. आत्यांना ती शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवली. परंतु तिचे माहेर स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात असलेल्या शेटलंड बेटांत आहे. तेथे तिचे नाव शिंपल्यावरून पडलेले आहे. तिकडे शिंपला, इकडे लाटा. समुद्रापासून इतक्या दूरच्या ग्वाल्हेरात बसून आत्यांनी तिला पुन्हा समुद्राचेच नाव द्यावे, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

त्या बेटांपैकी अन्स्ट नावाच्या बेटावरच्या शाली इतक्या तलम असत की आख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. असे काही वाचले की आपल्या मनात एक चित्र उभे राहते : निवांत खिडकी, आरामखुर्ची, कुणी गृहिणी दिवसभर शांतपणे टाके मोजीत बसली आहे. वस्तुस्थिती वेगळी होती. शेटलंडच्या बायका पाठीवर जळणाच्या मातीची टोपली घेऊन मैलोन्‌मैल चालत, आणि चालता चालता हातांनी विणीत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला भोके, त्या भोकांत एका सुईचे टोक रोवलेले; म्हणजे हात मोकळा झाला. तशी छायाचित्रे आहेत. तलम जाळी अशी वाटेवर होत नसे हे खरे, ती घरी बसूनच. पण घरीसुद्धा चूल, गुरे आणि मुले होतीच. आणि १८७२ साली सरकारी चौकशी झाली तेव्हा जे नोंदले गेले ते असे, की या विणकामाचे मोल व्यापारी बहुधा रोख देत नसत. चहा, कापड, असा आपल्याच दुकानातला माल देत. अंगठीतून जाणारी शाल विणणाऱ्या बाईच्या मुठीत नाणे पडणे कठीण होते. विलायतेतही असेच होते म्हणून आपण समाधान मानावे असा याचा अर्थ नाही. आमच्या गल्लीत मोलाने स्वेटर विणून देणाऱ्या बायका होत्या. त्यांना स्वेटरमागे काय मिळे हे आठवले तरी लाज वाटते.

आता आमच्या हिशेबाकडे वळतो. आत्यांच्या जुन्या स्कार्फात नव्वद लाटा होत्या. नव्वद लाटा म्हणजे तीनशे साठ सुया, म्हणजे अठ्ठावीस हजार ऐंशी टाके. कोजागिरीला टाके घातले आणि संक्रांतीला स्कार्फ द्यावयाचा, म्हणजे दिवसाला एक लाट, तीनशे बारा टाके. मिनिटाला वीस टाके धरले तर रोजची सोळा मिनिटे. इतके सोपे काम घरात दुसरे नसेल, असे आम्ही सौ.ना सांगितले. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि त्या कुकर उतरवावयास गेल्या.

मुख्याध्यापकाला नोंदी ठेवण्याची खोड असते. एका संध्याकाळी आम्ही वही घेऊन बसलो. त्या दिवसाची तिसरी सुई, म्हणजे मोजण्याची सुई, पाच वेळा खाली ठेवली गेली : दूधवाला, कुकर, बेळगावहून बहिणीचा दूरध्वनी, म्हाताऱ्या मोतीचे औषध, आणि चिंगीने दारावर मारलेल्या नख्या. सोळा मिनिटांना एक तास दहा मिनिटे लागली. आमच्या अभ्यासाच्या खोलीला दार आहे, ते लोटले की घरात कुणी हाक मारीत नाही. विणकामाला दार नसते. सौ.ची बैठक स्वयंपाकघर आणि अंगण यांच्यामधल्या पडवीत, जेथून सर्वांना जावे-यावे लागते.

म्हणूनच आत्यांची ही वीण इतकी शहाणी वाटली. चार सुयांपैकी तीन बिनमोजणीच्या आहेत. त्या बोलता बोलता, डाळ शिजता शिजता होतात. मन लावावे लागते ते फक्त चौथ्या वाट्याला. आणि प्रत्येक दहा लाटांनंतर आत्यांनी सांगितलेली एक युक्ती : जाड सुईत पांढरा सुती दोरा ओवावयाचा आणि तो सुईवरच्या सर्व अठ्ठ्याहत्तर टाक्यांतून आरपार नेऊन तसाच सोडून द्यावयाचा. आत्या त्याला राखणीचा दोरा म्हणतात. पुढे काही बिघडले, सुई निसटली, तर वीण उसवत उसवत त्या दोऱ्यापर्यंत येते आणि तेथे थांबते. साध्या स्वेटरचा सुटलेला टाका उचलता येतो. जाळीचा नाही, कारण सुटलेला टाका आणि मुद्दाम ठेवलेले भोक एकमेकांत मिसळतात आणि कोणते कोणते ते कळत नाही. ज्या घरात अखंड वेळ मिळत नाही त्या घरासाठी हा दोरा आहे. अखंड वेळ मिळणारे घर आम्ही तरी पाहिलेले नाही.

आता कुत्र्यांविषयी. मोती तेरा वर्षांचा, पांढरा, गल्लीतलाच. त्याला हल्ली ऐकू कमी येते आणि मागचे पाय दुखतात, त्यामुळे तो दिवसभर सौ.च्या पायांशी पडून असतो. विणकामाला अशा कुत्र्यासारखा सोबती नाही. पाय गरम राहतात. चिंगी एक वर्षाची. शेजारच्या पडक्या वाड्यात एका थंडीत कुत्री व्याली, त्या विणीतली ही एवढीच जगली. तिला हलणारी प्रत्येक वस्तू आपल्याशी खेळावयास आलेली वाटते, आणि विणताना लोकरीचा गुंडा हलतोच. सौ.नी तो पितळी डब्यात ठेवला, झाकणाच्या भोकातून धागा बाहेर काढला. चिंगी डब्याशी खेळू लागली. शेवटी डबा पिशवीत आणि पिशवी खुंटीवर, असा बंदोबस्त झाला.

उपद्रव मोतीचाही होता, पण तो मूक होता. त्याचे आखूड पांढरे केस वांगी लोकरीत असे रुतत की चिमट्याने उपटल्याशिवाय निघत नसत. यावरून आमच्या पुतणीने एक माहिती सांगितली ती वाचकांना आवडेल. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोस्ट सॅलिश नावाचे लोक आहेत. ते पूर्वी दाट लोकरीची कुत्री पाळीत आणि मेंढ्यांसारखी त्यांची लोकर कातरून घोंगड्या विणीत. १७९२ साली व्हँकुव्हर नावाचा इंग्रज दर्यावर्दी तेथे गेला, त्याने ही कातरलेली कुत्री पाहून लिहून ठेवले आहे. इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना वेगळे, काही ठिकाणी तर बेटांवर ठेवीत. त्यांची निगा बायकांकडे असे. पुढे ती जात नष्ट झाली. १८५९ साली मेलेल्या अशा एका कुत्र्याचे कातडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि २०२३ साली शास्त्रज्ञांनी त्यावरून त्या जातीचा वंश तपासला. या कुत्र्याचे नाव 'मटन' होते. हे ऐकून सौ. म्हणाल्या, 'आपल्या मोतीच्या केसांची घोंगडी नको, पण उशीचा अभ्रा सहज होईल.'

तानसेन समारोह नुकताच संपला होता. डिसेंबरचे अखेरचे दिवस, संध्याकाळी सातची वेळ. सासष्ट लाटा झाल्या होत्या. दारावर पाहुणे आले, सौ. उठल्या, आणि पिशवी खुंटीवर न जाता बाजेवर राहिली. पाहुण्यांना पाणी देऊन त्या परतल्या तेव्हा एक सुई अंगणात होती, दुसरी चिंगीच्या तोंडात, आणि लोकरीचा एक नवा गुंडा पडवीभर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला. स्कार्फ उसवत उसवत साठाव्या लाटेच्या राखणीच्या दोऱ्याशी येऊन थांबला होता. चोवीस सुया, अठराशे बहात्तर टाके गेले. सौ.नी त्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी खाली बसून चिंगीचे तोंड उघडले.

स्कार्फाचे तुटके टोक आणि गुंड्याचे तुटके टोक जुळेना. मधला धागा किती गेला आणि कोठे गेला, ते सांगता येईना. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्री-मांजरे आणि लोकर दोन्ही आहेत त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. गिळलेला धागा नाण्यासारखा किंवा गोटीसारखा नसतो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि उरलेला धागा आतड्यांत पुढे सरकला, तर लेंग्याच्या नाडीवर कापड चुणावे तशी आतडी त्या धाग्यावर चुणत जातात, आणि ताणलेला धागा त्यांना कापूही शकतो. मग शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. आणि तोंडातून किंवा मागच्या बाजूने धाग्याचे टोक लोंबताना दिसले तर ते ओढावयाचे नाही. ओढल्याने आतली नाडी आणखी आवळते. हे सारे आम्हांला त्याच रात्री जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे असतील. त्यांनी चिंगीची जीभ उचलून खाली पाहिले, पोट चाचपले आणि विचारले, 'कितना धागा गया होगा, मास्साब?' सौ. म्हणाल्या, 'एक लाट तरी.' डॉक्टरांना लाट कळली नाही. आम्ही साडेचार मीटर असे सांगितले, कारण एका लाटेला तेवढी लोकर लागते. ते गंभीर झाले. उलटी झाली, खाणे सोडले, पोट दुखून वाकू लागली, तर रात्री-अपरात्री केव्हाही आणा, म्हणाले. एरवी नजर ठेवा.

दोन रात्री नजर ठेवली. पडवीत शेगडी, शेगडीजवळ सौ., त्यांच्या पायांशी चिंगी, आणि काय झाले आहे हे न कळता पण काहीतरी झाले आहे हे कळून जवळ येऊन बसलेला मोती. सुया खुंटीवर होत्या. दुसऱ्या दिवशी चिंगीने सकाळचा दूधभात खाल्ला नाही, आणि सौ.नीही चहावाचून काही घेतले नाही. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी एवढे काय, असे पाहुण्यांपैकी एकजण दूरध्वनीवर म्हणाले. युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी रथ नाकारला तो कुत्राही काही उत्तम जातीचा असल्याचा उल्लेख नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. आमच्या स्वभावाला धरून ते थोडे अधिकच बोलणे झाले, पण वेळ तशी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी परसात जे घडले त्याचे वर्णन या मासिकाला शोभणार नाही. एवढेच लिहितो, की रंग वांगी होता, आणि सौ. काठीने चाचपून लांबीचा अंदाज घेऊन आत आल्या त्या हसतच. चिंगीने दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्या रात्रीपासून साठाव्या लाटेच्या दोऱ्यातून अठ्ठ्याहत्तर टाके सुईवर घेऊन काम पुन्हा सुरू झाले. सतरा दिवस उरले होते. दिवसाला एका लाटेचे आमचे जुने वेळापत्रक रद्द झाले. आता दिवसाला दोन. सायंकाळचे दूध आम्ही घेऊ लागलो, मोतीचे औषधही आमच्याकडे आले. पुतणी शनिवार-रविवारी येऊन कुकर सांभाळू लागली आणि जाता जाता बिनमोजणीच्या सुया विणावयास शिकली; दूरध्वनीवरच्या चित्रफिती पाहून तिला जे जमले नव्हते ते सौ.च्या हाताला हात लावून दोन दिवसांत जमले. अडचण लोकरीची होती. एक गुंडा चिंगीने संपविला होता, आणि दुकानात गेलो तर त्या घाण्यातला रंग संपलेला. दुसऱ्या घाण्यातली वांगी शेजारी धरली तर उजेडात दोन्ही वेगळ्या दिसत. दुकानदार म्हणाला, 'पता नहीं चलेगा.' आत्यांना तर खरोखरच दिसले नसते. सौ.नी ती लोकर परत केली. आहे तेवढीत जेवढे होईल तेवढे करू, म्हणाल्या.

एकोणनव्वदाव्या लाटेला लोकर थोडीच उरली, टाके बंद करण्यापुरती. सुयांवरून उतरलेली जाळी दिसावयास अगदी गबाळी असते. चुरगळलेली, आक्रसलेली, भोके मिटलेली. रुंदी जेमतेम चौतीस सेंटिमीटर, लांबी एकशे अठरा. मग ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजविली, न पिळता पंचात गुंडाळून दाबली, आणि गादीवर चादर टाकून तिच्यावर ताणून न गंजणाऱ्या टाचण्यांनी बसविली. लाटेच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. अस्सल लोकर असेल तर वाळल्यावर ती ताणलेल्या मापालाच राहते. कृत्रिम लोकर अशी राहत नाही, पुन्हा आक्रसते. त्या ओल्या ताणात मिटलेली भोके एकेक करून उघडली. चव्वेचाळीस बाय एकशे अठ्ठेचाळीस. धुक्यामुळे वाळावयास दीड दिवस लागला. ती खोली होती आमच्या अभ्यासाची, कारण दार तिलाच आहे. दीड दिवस आम्ही पडवीत वाचन केले. आठ पाने झाली.

संक्रांतीच्या दुपारी आम्ही उभयता आत्यांकडे गेलो. सौ.नी पाया पडून तीळगूळ दिला आणि स्कार्फ त्यांच्या मांडीवर ठेवला. आत्यांनी प्रथम तो गालाला लावला. मग एक टोक धरले आणि कापरी बोटे लाटांवरून एकेक करून चालू लागली, जपाच्या माळेवर चालावी तशी. ओठ हलत होते. आम्ही बोलू लागलो तर त्यांनी हात वर करून थांबविले. मध्ये एका जागी बोट थबकले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. साठाव्या लाटेपाशी नवी लोकर जोडली होती, तेथे. त्या काही बोलल्या नाहीत. घरात सगळे गप्प होते. पुढच्या खोलीतून आत्यांच्या नातवाने डोकावून पाहिले आणि तोही तेथेच उभा राहिला. दुसरे टोक यायला बराच वेळ लागला. तेथे पोचल्यावर त्यांनी कड दोनदा चाचपली.

'एकोणनव्वद,' त्या म्हणाल्या. 'एक लाट कुठं गेली ग?'

'चिंगीनं खाल्ली, आत्या.'

'आणि ती बरी आहे ना?'

बरी आहे, असे सौ.नी सांगितले. तेव्हा आत्यांनी स्कार्फ खांद्यावर घेतला आणि नातवाला चहा टाकावयास सांगितले.